बुंदी आणि बुधवार: दोघंही ऑफिसला जाणाऱ्या घरातलं एक प्रकरण

२०२३ च्या जुलैत कोथरूडमधल्या एका घरातून फोन आला. पलीकडे तिथल्या नोकरदार जोडप्यातली बायको होती, आणि तिचं पहिलंच वाक्य होतं, "मॅडम, आमच्या हातात आठच दिवस आहेत." सोसायटीनं लेखी पत्र दिलं होतं: तुमची कुत्री सकाळी आठ ते अकरा आणि दुपारी साडेबारानंतर सतत रडते, रहिवाशांना त्रास होतो, आठ दिवसांत तिची व्यवस्था करावी. "व्यवस्था करावी" म्हणजे काय, हे सगळ्यांना कळतं.

मी कुत्र्यांच्या वागणुकीवर काम करते. असे फोन मला महिन्यातून दोन-तीन तरी येतात आणि त्यातले बरेचसे नोकरदार घरांतले असतात. त्यातलं हे एक प्रकरण सविस्तर लिहिते आहे, कारण इथे जे चुकलं होतं ते प्रेमापोटी चुकलं होतं. तेच आणखी किती घरांत आज चालू असेल, या विचारानं मला अस्वस्थ व्हायला होतं. कुटुंबाची परवानगी घेतली आहे. कुत्रीचं खरं नाव वेगळं आहे. बुंदी हे नाव मी तिच्या रंगावरून इथे दिलंय.

बुंदी गावठी. मे २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, वारज्याच्या बाजूला उभ्या असलेल्या एका रिक्षाखाली सापडली तेव्हा जेमतेम सहा आठवड्यांची होती. दोघांच्या कंपन्या हिंजवडीत, पण तेव्हा सगळं काम घरूनच चालायचं. पिल्लाला वाढवायला याहून चांगला काळ नाही असं त्यांना वाटलं, आणि बऱ्याच बाबतीत ते खरंही होतं. लसीकरण वेळेवर झालं, शी-शूची शिस्त दोन महिन्यांत लागली, नसबंदी झाली, महापालिकेचा परवानाही काढला. घर पाहिलं तेव्हा मला बरं वाटलं. बाल्कनीला जाळी होती, पाण्याची दोन भांडी होती, आणि कांदा-द्राक्षं कुत्र्याला चालत नाहीत असा कागद फ्रीजवर चिकटवलेला होता.

मग मी नेहमीचा प्रश्न विचारला. आजवर ही एकटी सगळ्यात जास्त किती वेळ राहिली आहे?

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "भाजी आणून येईपर्यंत. वीस मिनिटं असतील," नवरा म्हणाला. तेही दोन वर्षांत तीन-चारदा. लग्नकार्यालासुद्धा ते आळीपाळीनं जायचे, एकानं मुहूर्त गाठायचा, दुसऱ्यानं रिसेप्शन. हे त्यांनी मला अभिमानानं सांगितलं. त्या अभिमानाबद्दल मला आदर आहे, कारण जिवाची काळजी असल्याशिवाय कोणी असं वागत नाही. पण एकटं राहणं हे कुत्र्याला शिकवावं लागतं. चालताना पट्टा ओढू नये हे जसं शिकवतो तसंच. बुंदीला ते कोणी शिकवलंच नव्हतं, आणि जून २०२३ मध्ये दोन्ही कंपन्यांनी आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला या असं सांगितल्यावर तिची थेट परीक्षाच घेतली गेली.

परीक्षाही साधी नव्हती. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला होता आणि नव्या उड्डाणपुलाचं काम अजून चालू होतं. तिथून हिंजवडीच्या तिसऱ्या फेजला पोचायचं म्हणजे आठ दहाला घर सोडायचं आणि संध्याकाळी परतायला साडेसात. अकरा तासांच्या वर. मध्ये अकरा ते साडेबारा स्वयंपाक-भांड्याला मावशी यायच्या, तेवढाच काय तो घरात माणसाचा वावर.

पत्रातली मोकळी जागा

ते पत्र मी मागून घेतलं आणि दोनदा वाचलं. कायद्याबद्दल त्या दोघांनी आधीच शोधाशोध केली होती. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांनुसार सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, आणि ते त्यांना पत्राच्या उत्तरात ठणकावून लिहायचं होतं. मी म्हटलं, लिहू नका. कायदा तुमच्या बाजूनं आहे, पण खालच्या मजल्यावर पाच महिन्यांचं बाळ आहे आणि त्याच्या आईची झोप होत नाहीये, हेही खरं आहे. शिवाय हे पत्र आपल्या फार उपयोगाचं आहे. सकाळी आठ ते अकरा. दुपारी साडेबारानंतर. मग अकरा ते साडेबारा आवाज का नाही?

मावशी घरात असतात म्हणून.

खालच्या आईनं रागानं का होईना, पण नेमकी वेळ टिपली होती. बुंदीला मालकच हवेत असं नव्हतं, कोणीही माणूस चालणार होता. कामाच्या दृष्टीनं या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. काही कुत्री एकाच माणसाला चिकटलेली असतात, तो गेला की घरात दहा जण असले तरी त्यांचा जीव थाऱ्यावर येत नाही. बुंदीची भीती रिकाम्या घराची होती. म्हणजे आपल्याला माणसं जोडता येणार होती.

आधी करून पाहिलेले उपाय

महिनाभरात त्यांनी बरंच करून पाहिलं होतं. सकाळी तासभर चेंडू फेकून तिला दमवायचं. ती दमायची, आणि दमलेल्या अंगानं रडायची. टीव्ही चालू ठेवला. मैत्रिणीचा कुत्रा दोन दिवस सोबतीला आणून ठेवला; तो सोफ्यावर झोपला आणि बुंदी दाराशी रडत राहिली. मग कोणीतरी सुचवलं म्हणून लोखंडी पिंजरा आणला. पिंजऱ्याची सवय लावायला काही आठवडे लागतात, तो हळूहळू तिची स्वतःची जागा व्हावा लागतो. इथे पहिल्याच दिवशी तिला आत घालून दार लावलं. संध्याकाळी येऊन पाहतात तर पुढच्या पायांची नखं रक्ताळलेली, आणि वरचा डावा सुळा टोकाशी तुटलेला. पिंजरा त्याच रात्री माळ्यावर गेला.

शेवटचा उपाय सांगताना बायकोचा आवाज खाली गेला. भुंकलं की मानेला झटका देणारा पट्टा त्यांनी ऑनलाइन मागवला होता. दोन दिवस घातला. आवाज थांबला, शेजाऱ्यांनी आभारही मानले. पण दोन्ही दिवस घरी आल्यावर बुंदी दिवाणाखाली होती, आणि जमिनीवर लघवी. घाबरलेल्या जिवाचं ओरडणं बंद केल्यानं भीती जात नाही, फक्त ती आपल्याला ऐकू येईनाशी होते. हा पट्टा वापरू नका, हे मी प्रत्येक घरात सांगते आणि इथेही पुन्हा सांगते.

चिकनचा तुकडा

दुसऱ्या दिवशी आम्ही जुना मोबाइल टीपॉयवर पुस्तकांना टेकवून ठेवला, समोर दार दिसेल असा. दारापासून चार पावलांवर एका ताटलीत उकडलेल्या चिकनचा चांगला मोठा तुकडा ठेवला. बुंदीचं त्यावर इतकं प्रेम की कुकरची शिट्टी झाली की ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायची. आवाज हाताबाहेर गेला तर लगेच परतता यावं म्हणून दोघं सोसायटीच्या फाटकाशी गाडीत थांबले.

चित्रीकरण मी घरी बसून तीनदा पाहिलं. दार लागतं. बुंदी ताटलीकडे बघतसुद्धा नाही. चाळीस सेकंदांनी दाराच्या फटीला नाक लावते. दीड मिनिटानं बारीक कुंईकुंई. मग बाहेर लिफ्टच्या जाळीचा "खळ्ळ" आवाज येतो. इमारत जुनी, लिफ्टला ओढायचं जाळीचं दार. त्या आवाजासरशी तिचे कान मागे पडतात आणि ती दारासमोर गोल गोल फिरू लागते. तीन मिनिटं दहा सेकंदांवर पहिला हेल. लांडग्यासारखा, मान वर करून. सातव्या मिनिटाला पंजे दारावर. नवव्या मिनिटाला ती कॅमेऱ्याच्या जवळून गेली तेव्हा फरशीवर ओले ठसे उमटलेले दिसले. कुत्र्याच्या पंजांच्या गाद्यांना घाम येतो. भीतीनं भिजलेले चार पंजे, पांढऱ्या फरशीवर, दारापासून खिडकीपर्यंत आणि परत. दहाव्या मिनिटाला मी त्यांना फोन करून वर जायला सांगितलं होतं. बायकोनं दार उघडलं, बुंदी तिच्या अंगावर झेपावली, दोन मिनिटं धापा टाकल्या, पाणी प्यायली. मग वळली आणि ताटलीतला तुकडा एका घासात गट्टम केला.

मला हवं होतं ते त्या घासानं सांगितलं. कंटाळलेला कुत्रा खातो. चप्पल कुरतडतो, कचऱ्याचा डबा उपडा करतो, पण चिकन सोडत नाही. बुंदीचं पोट रिकामं होतं, आवडता पदार्थ चार पावलांवर होता, आणि माणूस येईपर्यंत तिला घास गिळणं शक्य नव्हतं. ही खोडी नव्हती, वाईट सवय नव्हती, "लाडावून ठेवलीय" तर नव्हतीच. हा भीतीचा झटका होता, तोही रोज दोनदा.

दोघांना ते चित्रीकरण दाखवताना मी मुद्दाम काही बोलले नाही. नवऱ्यानं मध्येच मोबाइल उलटा करून ठेवला.

आधी डॉक्टर

वागणुकीवर काम सुरू करण्याआधी पशुवैद्यकाकडे जायचं, हा माझा नियम आहे. अंग दुखत असलं तर कुठलीही शिकवणी चालत नाही. पावसाळ्यात गोचिडतापाची शंकाही असते, म्हणून रक्त तपासलं. ते ठीक आलं. लघवीत जंतुसंसर्ग नव्हता. पण तुटलेल्या सुळ्याची नस उघडी पडली होती. महिनाभर ती एकाच बाजूनं चावत होती आणि घरात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण कुत्री दुखणं लपवतात. दात काढावा लागला.

डॉक्टरांनी फ्लुओक्सेटिनही सुरू केलं. यावर घरात आठवडाभर चर्चा झाली. "तिला गुंगी देऊन पाडून ठेवायचं नाही" असं बायकोचं म्हणणं. ही गुंगीची गोळी नाही. एकटेपणाच्या भीतीसाठी कुत्र्यांना देण्याच्या औषधांत क्लोमिप्रामिनला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं १९९८ मध्ये मान्यता दिली, फ्लुओक्सेटिनला २००७ मध्ये. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे जातात, सुरुवातीला भूक मंदावू शकते, आणि नुसत्या गोळीनं काही होत नाही. शिकवणी पचेल इतकं मन शांत करणं एवढंच तिचं काम. मात्र ती डॉक्टरांनीच द्यायची. घरातल्या कोणाची तरी झोपेची गोळी अर्धी करून कुत्र्याला दिल्याची प्रकरणं मी पाहिली आहेत, आणि ती आठवणं मला आवडत नाही.

सहा दिवस, पाच वार

आता अवघड भाग. एकटं राहायला शिकवत असताना कुत्र्याला त्याच्या सहनशक्तीपलीकडे एकटं ठेवायचं नसतं. आज पाच मिनिटं शिकवली आणि उद्या पाच तास कोंडलं, तर शिकलेलं धुऊन जातं. हे ऐकलं की प्रत्येक घर मला एकच विचारतं: मग नोकरी सोडू का?

आम्ही कॅलेंडर घेऊन बसलो. तिच्या टीमचे दिवस ठरलेले, मंगळवार ते गुरुवार. त्याला दिवस निवडायची मुभा होती, पण तो तिच्याबरोबर एकाच गाडीतून जायचं म्हणून तेच तीन दिवस जात होता. पेट्रोल वाचत होतं आणि बुंदी तीन दिवस एकटी पडत होती. त्यानं सोमवार, बुधवार, शुक्रवार घेतले. तिचे तीन आणि त्याचे तीन मिळून सहा दिवस, आठवड्याचे वार पाच. कसंही बसवलं तरी एक दिवस दोघंही बाहेर असणारच. तो बुधवार निघाला.

तीन दिवसांचा प्रश्न एका बुधवारवर आला, तेव्हा त्या घरात पहिल्यांदा कोणीतरी हसलं.

बुधवारची जुळवाजुळव अशी झाली. बायकोनं टीमलीडला सरळ कारण सांगितलं आणि बुधवारी अकरापर्यंत घरून काम करून मग निघायची परवानगी मिळवली. कारण काहीतरी वेगळं सांगावं असं तिच्या मनात होतं. खरं सांगितल्यावर लगेच मिळाली. अकरा ते साडेबारा मावशी. पुढचे तास सुरुवातीला डे-केअरला दिले, दिवसाचे सातशे रुपये. पण तिथल्या मोठ्या कुत्र्यांना बुंदी बिचकायची आणि तीन बुधवारांत तिचं वजन उतरलं. डे-केअर वाईट होतं असं मुळीच नाही, ते तिच्यासाठी नव्हतं. मग दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना विचारलं. एसटीतून निवृत्त, एकटे, दुपारभर पेपर आणि रेडिओ. बुंदीनं पहिल्याच दिवशी त्यांच्या आरामखुर्चीखाली जागा धरली. नवरा बुधवारी लवकर निघून पाचला घरी यायचा आणि राहिलेलं काम रात्री करायचा.

मावशींबद्दल मला थोडं जास्त लिहायचं आहे. आपल्याकडे नोकरदार घरातला कुत्रा निम्मा मावशी सांभाळतात आणि त्याचा हिशेब कुठेच नसतो. या मावशींना कुत्र्यांची भीती होती. तरी त्या दीड महिना रोज दार उघडून, रडून बेजार झालेल्या बुंदीला आत घेऊन, ओली फरशी पुसून मग स्वयंपाकाला लागत होत्या. कोणी विचारलं नव्हतं, कोणी सांगितलंही नव्हतं. मी आग्रह धरला की हे काम वेगळं समजायचं, त्याचे वेगळे पैसे द्यायचे, आणि त्यांना जमेल का हे आधी विचारायचं. महिन्याला हजार रुपये वाढवले. मग मी मावशींशी ओट्यापाशी उभी राहून बोलले, आणि चित्रीकरणात मला जे दिसलं नव्हतं ते त्यांनी सांगितलं.

"ताई, मी गॅस पुसायला घेतला की ही उठून बसते. चपला घालायच्या कितीतरी आधी. हिला कळतं, आता ही बया निघाली."

गॅस पुसणं हे मावशींचं शेवटचं काम. बुंदीसाठी त्या ओल्या फडक्याचा वास म्हणजे रिकामं घर. दुसऱ्या दिवसापासून मावशी आल्याआल्या एकदा गॅस पुसायच्या, मध्येच एकदा, आणि शेवटी कधी पुसायच्या, कधी नाही. दोन आठवड्यांत बुंदीनं त्या फडक्याकडे लक्ष देणं सोडलं. लॅपटॉपच्या बॅगेचं तसंच केलं: बॅग खांद्याला लावायची आणि सोफ्यावर बसून चहा प्यायचा. लिफ्टच्या जाळीवर चार दिवस गेले. नवरा आत बुंदीजवळ, बायको बाहेर. जाळीचा "खळ्ळ" आवाज झाला की आत पनीरचा बारीक तुकडा. चौथ्या दिवशी आवाज झाल्यावर बुंदी दाराकडे न जाता नवऱ्याच्या हाताकडे पाहू लागली.

दाराबाहेरची सेकंदं

मुख्य सराव कंटाळवाणा आहे, हे आधीच सांगून ठेवते. दिवसातून एकदा, अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. दोघांनी बाहेर जायचं, दार लावायचं, कुत्रा अस्वस्थ होण्याआधी परत यायचं. परत आल्यावर लाडाचा सोहळा नाही, रागावणं तर नाहीच. बाहेर उभं राहून मोबाइलवर आतलं चित्र पाहायचं. जीभ ओठांवरून फिरू लागली, उगाच जांभया आल्या, नाक दाराच्या फटीला लागलं, की वेळ जास्त झाली. वेळ दरवेळी वाढवतही न्यायची नाही. दहा सेकंद, मग पंचवीस, मग पाच, मग तीस. दर खेपेला वाढतच गेली, तर कुत्र्याला तो चढ ओळखू येतो.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बुंदीची मर्यादा चाळीस सेकंद होती. महिन्याच्या शेवटी सहा मिनिटं. नवऱ्यानं वहीत प्रत्येक दिवसाची नोंद ठेवली, आणि त्या वहीनं त्यांना तारलं, कारण सप्टेंबरात सगळं घसरलं. पुण्यात गणपतीच्या आधी कितीतरी आठवडे ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो. वारं त्या दिशेचं असलं की संध्याकाळी घरात ढोल घुमायचा. १९ सप्टेंबरला गणपती बसले तोवर बुंदी एका मिनिटावर आली होती. बायको म्हणाली, सोडून देऊ. मी म्हटलं, सोडा, पण दहा दिवसांसाठी. अनंत चतुर्दशीपर्यंत एकही सराव केला नाही, खिडक्या बंद, पंखा जोरात, आणि रात्री गर्दी ओसरल्यावर फिरणं. वहीत मागं जाऊन पाहिलं तर चाळीस सेकंदांपासून सहा मिनिटांपर्यंत यायला चार आठवडे लागले होते. पुन्हा लागतील. प्रत्यक्षात दोनच लागले.

ऑक्टोबरअखेर पंधरा मिनिटं. दिवाळीत पुन्हा दहा दिवस सुट्टी, फटाक्यांमुळे. डिसेंबरात चाळीस मिनिटं, आणि तिथून गाडी पळाली. हे मी बऱ्याच कुत्र्यांत पाहिलं आहे: पहिली अर्धा-पाऊण तासाची घाटी चढायला महिने लागतात, ती ओलांडली की पुढचे तास भराभर येतात. जानेवारीच्या अखेरीस बुंदी दोन तास राहिली. मार्च २०२४ मध्ये साडेतीन.

खालच्या आईला आम्ही यात घेतलं होतं. सरावाच्या आधी बायको तिला निरोप पाठवायची, आवाज आला तर कळवा. पहिले काही दिवस नुसते निळे टिक. मग उत्तरं यायला लागली. डिसेंबरात एकदा तिनं स्वतःहून लिहिलं, "आज तुम्ही गेलाच नाहीत का?" ते गेले होते, अर्धा तास.

सकाळचा चेंडू मात्र बंद केला. त्याऐवजी आठवड्यातून तीन दिवस वेताळ टेकडी, लांब पट्टा, आणि बुंदीच्या चालीनं. प्रत्येक झुडपाशी थांबून हुंगू द्यायचं. चेंडूमागं धावून कुत्र्याचं शरीर तापतं; हुंगल्यानं डोकं दमतं आणि मन निवतं. टेकडीवर मोर आहेत, म्हणून पट्टा सोडायचा नाही.

जानेवारीतली एक नोंद वहीतून तशीच देते: "१७ जाने., बुधवार. १२.३४ मावशी गेल्या. १२.३६ दाराशी, हुंगलं. १२.३८ गादीवर. १२.५२ उठली, चिकन खाल्लं. १.०५ झोपली." तो बुधवार मुद्दाम निवडला होता. आजोबा दीड वाजता वर येणार होते. दोघंही आपापल्या ऑफिसात, जेवणाचे डबे समोर, मोबाइलवर एकच चित्र बघत बसले होते. १२.५२ ला त्यांनी एकाच वेळी मला फोन लावला आणि दोघांनाही एंगेज लागला.

साडेतीन तासांवर थांबलो

मार्चनंतर नवरा म्हणाला, आता आठ तासांपर्यंत नेऊ. मी नाही म्हटलं. निरोगी, मोठा कुत्रा दिवसाचे बारा-चौदा तास झोपतो हे खरं. पण लघवी दाबून धरणं, माणसाचा आवाज न ऐकणं, याला एक मर्यादा असावी. स्वीडनमध्ये दिवसा दर सहा तासांनी तरी कुत्र्याला बाहेर न्यायला हवं असा नियम आहे. आपल्याकडेही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, अकराव्या कलमात, सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही तर तो गुन्हा धरला आहे. हे कलम फार कमी लोकांना माहीत असतं. बंगल्याच्या आवारात साखळीला बांधून वाढलेले कितीतरी "राखणीचे" कुत्रे मी पाहते तेव्हा मला ते आठवतं.

म्हणून आम्ही सलग चार तासांची रेघ ओढली. बुधवारचं वेळापत्रक आता असं आहे: आठ दहाला दोघं निघतात, अकराला मावशी येतात आणि बुंदीला खाली नेऊन आणतात, साडेबारा ते चार ती एकटी, चारला आजोबा किल्लीनं दार उघडून तिला आपल्याकडे घेऊन जातात, साडेसातला घर. औषध डॉक्टरांनी उन्हाळ्यात हळूहळू कमी करत बंद केलं. सोसायटीला उत्तर गेलं ते कायद्याच्या कलमांचं नव्हतं. काय काय केलं याची अर्ध्या पानाची हकीकत होती, आणि तिच्याखाली खालच्या आईनंही सही केली.

मला हल्ली बरेच जण विचारतात, आम्ही दोघं नोकरीला, कुत्रा घ्यावा का? हे घर डोळ्यांसमोर ठेवून मी आता असं उत्तर देते. दोन-तीन महिन्यांचं पिल्लू घेऊ नका. त्याला दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यावं लागतं, लसींचे डोस पुरे व्हायचे असतात, आणि जगाशी ओळख व्हायचा त्याचा सगळ्यात नाजूक काळ तुमच्या ट्रॅफिकमध्ये जाईल. आश्रयगृहातला तीन-चार वर्षांचा शांत गावठी कुत्रा बघा. आणि कुत्रा घरी आणायच्या आधी कागदावर लिहा की दुपारी कोण येणार, त्याच्याकडे किल्ली कोणती, आणि तो आजारी पडला तर दुसरं कोण. तिथे नाव लिहिता येत नसेल तर थांबा. कुत्रा घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यापासून, तुम्ही सुट्टीवर असलात तरी, रोज थोडा वेळ त्याला एकटं राहू द्या. कचरा टाकून येण्याएवढा. बुंदीच्या घरी दोन वर्षं हे केलं असतं, तर तिचा सुळा आज तोंडात असता.

गेल्या आठवड्यात बायकोचा पुन्हा फोन आला. नवऱ्याच्या कंपनीनं पुढच्या महिन्यापासून चार दिवस ऑफिस केलं आहे. तिचे तीन, त्याचे चार. सात दिवस आणि वार पाच. बुधवारला आता मंगळवारची जोड मिळणार. यावेळी तिचा आवाज शांत होता. मावशींना विचारलंय, त्या हो म्हणाल्या, पैशांचं बोलणं झालंय. आजोबांचा मंगळवार डोळ्यांच्या डॉक्टरांचा असतो, म्हणून मंगळवारी खालची आई चारला येणार आहे. बाळ आता चालतं, आणि त्याला बुंदी हवी असते.